गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मुलगा

दर वर्षी १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. जुन्या शहरातल्या गच्च्यांवरून सकाळीच संक्रांतीचे पतंग चढतात आणि विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर नामविस्तार दिनासाठी मराठवाड्यातल्या गावागावांतून आलेल्या माणसांची रीघ लागते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं ते १९९४ मध्ये, याच दिवशी. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला होता २७ जुलै १९७८ रोजी. मधे साडेपंधरा वर्षं गेली. त्या वर्षांत या भागातल्या दलित वस्त्यांनी जे सोसलं, ते अजून पुरतं लिहून झालेलं नाही.

अशा शहरात पतंगांची एक कादंबरी वर्गात शिकवायला घेतली, तर ती फार दिवस काबूलची राहत नाही. खालिद हुसैनींची 'द काइट रनर' २००३ मध्ये आली. हुसैनी १९६५ मध्ये काबूलला जन्मले. वडील परराष्ट्र खात्यात होते. सोव्हिएत फौजा देशात शिरल्यावर कुटुंबाने १९८० मध्ये अमेरिकेत आसरा मागितला. हे पुस्तक लिहिलं तेव्हा ते कॅलिफोर्नियात डॉक्टरी करत होते. मेहता पब्लिशिंग हाऊसने ते मराठीतही आणलं.

कथा थोडक्यात अशी. अमीर हा काबूलमधल्या श्रीमंत पश्तून घरातला मुलगा. हसन हा त्याच आवारातल्या मातीच्या घरात राहणाऱ्या हझारा नोकराचा मुलगा. १९७५ च्या हिवाळ्यात अमीर पतंगांची स्पर्धा जिंकतो आणि शेवटचा कापलेला पतंग आणायला हसन धावतो. परतताना आसिफ नावाचा दांडगट मुलगा आणि त्याचे साथीदार त्याला एका गल्लीत गाठतात. हसनवर बलात्कार होतो. अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हे पाहतो आणि पळून जातो. पुढे हसन डोळ्यांसमोर नको म्हणून त्याच्या गादीखाली घड्याळ आणि पैसे ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. अनेक वर्षांनी, अमेरिकेत लेखक झालेल्या अमीरला कळतं की हसन आपल्याच बापाचा मुलगा होता, तालिबानने त्याला मारलं आणि त्याचा मुलगा सोहराब काबूलमध्ये पोरका झाला आहे. अमीर त्याला आणायला जातो.

या कादंबरीबद्दलची दोन मतं या शहरात शिक्षकांच्या बोलण्यात मी पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. इथे त्यांना दोन आवाज दिले आहेत. एक आवाज इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापकांचा, त्यांना 'सर' म्हणू. दुसरा त्यांच्या विद्यार्थिनीचा. ती नागसेनवनात शिकली, आता स्वतः पदवीच्या वर्गांना शिकवते. तिला 'बाई' म्हणू. या संवादाच्या घाटाला इथे जुना आधार आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. पुढे महाविद्यालयाला मिलिंद राजाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेन भिक्खूचं. त्या दोघांची प्रश्नोत्तरं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याचं जन्मस्थान ग्रंथात अलसंद म्हणून येतं आणि बरेच अभ्यासक ते काबूलच्या उत्तरेला, बग्रामच्या आसपास मानतात. अफगाण मुलखातला राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू त्याला उत्तरं देतो, हे चित्र मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

बाई: सर, ही मैत्रीची कादंबरी आहे असं मी वर्गात म्हणतच नाही. हसन पहाटे उठून अमीरचा नाश्ता करतो, त्याच्या कपड्यांना इस्त्री करतो, दप्तर भरून देतो. अमीर शाळेत जातो, हसनला अक्षर येत नाही. अमीर स्वतःच सांगतो, की हसनला आपण कधी मित्र असं मानलंच नाही. मग आपण कशाला मानायचं?

सर: कारण हसन मानतो. टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडावर दोघांची नावं कोरलेली आहेत. तिथे बसून अमीर त्याला 'शाहनामा' वाचून दाखवतो. अमीरने लिहिलेली पहिली गोष्ट ऐकून तिच्यातली चूक नेमकी कोण दाखवतं? हा निरक्षर मुलगा. दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच मैत्री म्हणायची, असं ठरवलंस तर आपल्या गावांतल्या किती मैत्र्या उरतील, सांग बरं.

बाई: फार थोड्या. माझं म्हणणं तेच आहे. माझे वडील सांगायचे, पाटलांचा मुलगा आणि ते गोदावरीत एकत्र डुंबायचे. तहान लागली की मात्र वडिलांना वरून ओंजळीत पाणी.

सर: हे ते रागाने सांगायचे की मायेने?

बाई: दोन्ही असायचं त्यात. पण सांगायचे. पाटलांच्या मुलाने आपल्या घरात ही गोष्ट कधी सांगितली का, ते मला माहीत नाही.

माझ्या मते सगळा वाद या शेवटच्या वाक्यात आहे. दोघंही पुढे त्याच्याच भोवती फिरतात, मात्र वेगवेगळ्या दिशांनी.

सर: मग हे पुस्तक तुला आवडायला हवं. पाटलांचा मुलगा जे बोलला नाही, ते अमीर बोलतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

बाई: तोच तर बोलतो, सर! हसनला किती पानं आहेत? अत्याचार हसनवर, आळ हसनवर, घर सुटलं हसनचं, गोळी हसनला. आणि तीनशेच्या वर पानं अमीरच्या मनाला किती टोचतं त्याची.

सर: हसनचं पत्र आहे. मोठेपणी तो लिहायला शिकतो आणि अमीरला पत्र लिहितो.

बाई: ते पत्र अमीरच्या हाती पडतं तेव्हा हसन मेलेला आहे. आणि त्या पत्रात राग नाही. एक ओळ नाही रागाची. सगळं माफ, सगळी आठवण गोड. ज्याच्यावर हे गुदरलं त्याला रागच येऊ नये, हे कुणाच्या सोयीचं आहे? माझ्या वर्गातल्या मुलांनी शरणकुमार लिंबाळ्यांची 'अक्करमाशी' वाचलेली असते. १९८४ ची. बाप पाटील, आई महार, आणि बाप मुलाला आपलं नाव द्यायला तयार नाही. हसनची जन्मकथा तीच आहे की नाही? घरधन्याचा मुलगा नोकराच्या घरात वाढतो. फरक इतकाच, की लिंबाळे स्वतः लिहितात, आणि लिहिताना कुणाला माफ करत सुटत नाहीत. 'अक्करमाशी'चा इंग्रजी अनुवादही २००३ चाच. एकाच वर्षी इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे ही दोन पुस्तकं आली. एक मालकाच्या मुलाने सांगितलेलं, एक दासीच्या मुलाने. जगभर कुठलं खपलं, ते तुम्हाला माहीत आहे.

सर: खप हा दोष लेखकाचा नाही.

बाई: दोष लावत नाही. आपण काय शिकवतो, ते बघते आहे. हे 'अस्मितादर्श'चं शहर आहे. पानतावणे सरांनी इथून ते नियतकालिक वर्षानुवर्षं चालवलं, खेड्यापाड्यांतल्या पोरांना लिहितं केलं. हसन स्वतः बोलायला लागल्याला इथे अर्धं शतक उलटून गेलं. मग हसनला मुका ठेवणारं पुस्तक आम्ही काबूलहून का आणावं?

सर: महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तीही प्रश्नोत्तरांतच, आणि अर्पण कुणाला केली? गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. परक्या देशातलं दुःख आपल्या उंबऱ्याशी आणून बघायची सवय आपल्याला त्यांनी लावली. त्यात मी शिक्षक म्हणून एक व्यावहारिक गोष्ट पाहिली आहे. वर्गात पहिल्याच दिवशी १९७८ म्हण. वर्ग मिटतो. अर्धी मुलं मान खाली घालतात, अर्धी ताठ होतात. हझारा आणि पश्तून म्हण. सगळे बोलतात. कन्नडची मुलगी बोलते, वैजापूरचा मुलगा बोलतो. हझारांना नाकावरून ओळखतात, हे ऐकून एखाद्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते तूही पाहिलं असशील.

बाई: पाहिलंय. हझारा म्हणायला त्यांना जड जात नाही. स्वतःची जात म्हणायला जड जातं.

सर: म्हणूनच तो लांबचा रस्ता घ्यायचा. अमीरला आईच्या पुस्तकांत हझारांचा इतिहास सापडतो, आठवतं? अब्दुर रहमान खानच्या फौजांनी १८९० च्या दशकात त्यांच्या कत्तली केल्या, जमिनी घेतल्या, बायकामुलं विकली. शाळेच्या पुस्तकांत त्याचा फक्त ओझरता उल्लेख. हा परिच्छेद वाचून झाला, की मी वर्गाला विचारायचो: तुमच्या शाळेच्या पुस्तकात काय नव्हतं? बाकी काही बोलावं लागत नसे.

बाई इथे गप्प बसतात. वर्गात कुठलं दार आधी उघडतं, याबद्दल सरांचा अनुभव मोठा आहे आणि तो मलाही पटतो. पण दार उघडल्यावर आत कुणाकडे बघायचं, हा प्रश्न उरतोच.

बाई: ठीक. लांबच्या रस्त्याने जाऊ. मग आसिफचं काय करता? आई जर्मन, हिटलरचा भक्त, पुढे तालिबानचा म्होरक्या, लहान मुलांचा छळ करणारा. जगातली सगळी दुष्टाई एका माणसात कोंबली आहे. वाचणाऱ्याला सुटका मिळते, सर. तो म्हणतो, मी आसिफ नाही, म्हणजे मी चांगला. आमच्या वर्गात या शहरातल्या मुसलमान घरांतली मुलं असतात. त्यातली एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, हे वाचून लोकांना आसिफ तेवढा लक्षात राहील आणि तो आम्हीच आहोत असं वाटेल. मी तिला म्हटलं, हसनही मुसलमान आहे, अनाथालय बांधणारे अमीरचे बाबाही मुसलमान आहेत. ती म्हणाली, ते लोकांच्या लक्षात राहत नाही. मला उत्तर देता आलं नाही.

सर: आसिफ हा त्या पुस्तकाचा सगळ्यात कच्चा भाग आहे, हे मी आधीच मान्य करतो. शेवटी सोहराबने गलोलीने त्याचा डोळा फोडणं वगैरे, तो सिनेमा आहे. पण पुस्तकाचं खरं पान ते नाहीच. खरं पान म्हणजे गल्लीचं तोंड. अत्याचार करणारा एक असतो, दोन असतात. बघून परत फिरणारे शंभर असतात. हुसैनींनी कादंबरी त्या बघणाऱ्याच्या तोंडी दिली, हे मला मोठं वाटतं.

बाई: आता तुम्हीच १९७८ ला आलात.

सर: आलो. ठरावानंतर थोड्या दिवसांत काय झालं, ते तुला सांगायला नको.

बाई: सांगा. तुम्ही सांगितलेलं ऐकायचंय.

सर: तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. वस्त्या उठून शहरांकडे आल्या. ज्यांनी पेटवलं ते काही आसिफ नव्हते. शेजारीच होते. पण त्याहून मोठी गर्दी होती, ती बांधावर उभी राहून बघणाऱ्यांची. त्यांच्यात जळणाऱ्या वस्तीतल्याच सुईणीच्या हातून जन्मलेली माणसंही होती. त्या गर्दीतल्या एकाही माणसाचं पुस्तक मराठीत मला माहीत नाही. पोळलेल्यांची पुस्तकं आहेत, आणि ती असायलाच हवीत. बघणाऱ्याचं नाही.

बाई: बघणाऱ्याने काय लिहायचं त्यात? मला वाईट वाटलं, हेच ना?

सर: नाही. अमीर नुसतं वाईट वाटून थांबत नाही. घड्याळ ठेवतो गादीखाली. ते प्रकरण नीट वाच. हसनने त्याचं काही वाकडं केलेलं नाही, उलट तो आधीसारखाच वागू बघतो. तेच अमीरला सहन होत नाही. आपण ज्याला दगा दिला तो समोर वावरतो, म्हणून त्यालाच घराबाहेर काढायचं. हे त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार? हसनला इतकंच दिसतं की आळ आला. आळ का आला, ते अमीरलाच ठाऊक.

हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जाळपोळीनंतर गावांत जे बहिष्कार आले, म्हणजे दळण बंद, मजुरी बंद, दुकानातला सौदा बंद, त्यांचं एरवी दिलं जाणारं कारण राजकीय असतं. पण त्यात हेही असेल. ज्यांचं घर आपल्यासमोर जळलं, ती माणसं रोज पाणवठ्याच्या वाटेवर दिसणं गावाला नको होतं. हसन आणि त्याचा बाप अली गाडीत बसून हझारांच्या मुलखाकडे निघतात, तेव्हा पाऊस पडत असतो आणि अमीर खिडकीतून बघत राहतो. १९७८ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या किती खिडक्या अशा होत्या, हे खिडकीतली माणसंच सांगू शकतील.

बाई: अली खोटं ओळखतो. हसन आळ स्वतःवर घेतो, आणि अलीला कळतं की हे काय चाललंय. बाबा माफ करायला तयार आहेत, रडतात, राहा म्हणतात. तरी अली राहत नाही. त्या पुस्तकात अलीचं ते निघून जाणं हा एकच माणूसपणाचा हट्ट मला दिसतो. त्यावर किती ओळी आहेत? आमच्या लोकांनी गावं सोडली, त्याला तुम्ही पलायन म्हणता. मी अलीकडे बघते, मला ते पलायन वाटत नाही.

सर: मी पलायन म्हटलं नाही.

बाई: तुम्ही नाही म्हटलं. इतिहासात म्हटलेलं आहे. आणि लाज कुणाच्या वाट्याला जाते, तेही बघा. २००७ मध्ये सिनेमा आला. त्या गल्लीतल्या प्रसंगामुळे त्यात काम केलेल्या मुलांच्या जिवाला धोका झाला, प्रदर्शन पुढे ढकलावं लागलं, मुलांना देशाबाहेर अमिरातीत नेऊन ठेवावं लागलं. अफगाण सरकारने सिनेमावर बंदी घातली. प्रसंग खोटा, कॅमेऱ्यासमोरचा. तरी तोंड लपवायची वेळ त्या सोसणाऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलावर आली.

सर: हे खरं आहे. म्हणूनच म्हणतो, लाज जिथली तिथे जायला हवी असेल तर अमीरने बोलायला हवं. हसन कितीही बोलला तरी लाज त्याच्याच अंगाला चिकटवतात.

बाई: बोलायचं कुणापुढे, सर? पुस्तक लिहून? अमेरिकेतल्या वाचकांपुढे? तिथे अमीरला नुकसान काहीच नाही. शाबासकीच मिळते.

सर: म्हणून माझ्या लेखी प्रायश्चित्ताची जागा वेगळी आहे. लोक म्हणतात, आसिफच्या हातून मार खाल्ला, फासळ्या मोडल्या, तिथे अमीरचं पाप फिटलं. मला तसं वाटत नाही. मार खाणं सोपं आहे. सोहराबला घरी आणल्यावर जेवणाच्या टेबलावर सासरा, जनरल ताहेरी, विचारतो की लोकांना काय सांगू, आपल्या मुलीच्या घरात हा हझारा पोरगा का आहे. तेव्हा अमीर शांतपणे सांगतो की हा माझ्या बापाला नोकराच्या बायकोपासून झालेल्या मुलाचा मुलगा, आणि पुन्हा माझ्यासमोर याला हझारा पोरगा म्हणायचं नाही, याला नाव आहे. सासऱ्याच्या तोंडावर, आपल्याच माणसांत, बापाची अब्रू चव्हाट्यावर आणून. तिथे त्याला खरी किंमत द्यावी लागते.

बाई: हा प्रसंग मी वर्गात घाईने संपवत होते.

सर: त्याच्यावर एक तास घाल. आपल्याकडे ही गोष्ट घरातच अडते. बाहेर सभेत समतेवर बोलणारा माणूस घरी जेवताना काकाने काही म्हटलं तर मीठ मागतो आणि विषय बदलतो.

बाई: पण तो मुलगा अमेरिकेतच का न्यावा लागला? हझारांचं काय? ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफमध्ये त्यांची कत्तल झाली, पुस्तकातही तिचा उल्लेख आहे. मार्च २००१ मध्ये त्यांच्या बामियानमधल्या बुद्धमूर्ती उडवल्या. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीच कधीकाळी त्या मूर्तींची डागडुजी केली होती. हसनसारखी हजारो मुलं तिथेच राहिली. एक मूल विमानाने आणलं, की कादंबरी संपली.

सर: एका माणसाला एक मूल आणता आलं. कादंबरी त्याहून जास्त दावा करत नाही. सोहराब वर्षभर बोलत नाही. त्याआधी इस्लामाबादमध्ये अमीर त्याला दिलेला शब्द मोडायला निघतो आणि मुलगा न्हाणीघरात हाताची शीर कापून घेतो. चांगलं करायला निघालेला माणूसही पुन्हा तीच जखम करतो, हे लेखकाने लपवलेलं नाही. शेवटी पतंग उडतो आणि मुलगा ओठाच्या एका कोपऱ्याने हसतो, बस्स.

बाई: आणि पतंग आणायला या खेपेला अमीर धावतो. ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. आमच्या लहानपणी संक्रांतीला गच्चीवरची मुलं पतंग उडवायची आणि आम्ही खाली रस्त्यावर बाभळीची फांदी घेऊन कटलेला पतंग लुटायला धावायचो. गच्चीवरचं कुणी कधी खाली उतरून आमच्यासाठी धावलं नाही.

एवढ्यावर दोघांचं जमलं असं मला क्षणभर वाटलं. पण मराठीतल्या पुस्तकांचा विषय निघाला आणि पुन्हा फाटलं. सरांचं म्हणणं, बघणाऱ्याचं पुस्तक मराठीत नाही. बाईंनी विचारलं, मग श्री. म. माटे? 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ चं. मग माडगूळकरांची 'माणदेशी माणसं'? सरांचं उत्तर असं, की ती मायेने लिहिलेली मोठी पुस्तकं आहेत, पण त्यांतला लेखक दुसऱ्याच्या दुःखाकडे बघतो. मी तिथे होतो आणि मी पुढे सरसावलो नाही, असं तो म्हणत नाही. सरांनी तेंडुलकरांच्या 'कन्यादान'चं नाव घेतलं. १९८३ चं नाटक, समाजवादी बाप, त्याची मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि बापाची श्रद्धा हलते. बाई एकदम उसळल्या. त्या नाटकात मार खाणारी मुलगी उच्चवर्णीय आणि मारणारा दलित आहे. अपराधाची चर्चा करायला बसलं तरी अपराधी आमच्यातलाच सापडतो का, असं त्यांनी विचारलं. सर यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझं बरोबर आहे. ते नाटक या कामाचं नाही.

माझं मत इथे स्पष्ट सांगायला हवं. शिकवण्याच्या क्रमाबद्दल बाई बरोबर आहेत. या विद्यापीठाच्या परिसरात आधी 'अक्करमाशी' वाचली जावी, मग 'द काइट रनर', म्हणजे हसनचा न आलेला राग कुठे गेला, हे मुलांना आपोआप विचारावंसं वाटेल. पण मराठीत काय नाही, याबद्दल सर बरोबर आहेत. हसनने इथे त्याचं काम केव्हाच केलं आहे. अमीरने वहीसुद्धा उघडलेली नाही.

बाई: परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो, अमीरला प्रायश्चित्त मिळालं का. मुलं हो लिहितात, कारण सोहराब हसला. या वर्षी मी तो प्रश्न देणार नाही. घरचं काम देणार आहे. १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या गावात काय झालं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहायचं. आणि ते माणूस तेव्हा नेमकं कुठे उभं होतं, तेही लिहायचं.

सर: मग तुझ्या बाजूची मुलं पुन्हा तेच सांगणार. आजीचं घर जळलं, आजोबांनी रात्र उसात काढली. किती वेळा सांगायचं त्यांनी?

बाई: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सर: त्यांना उत्तर लिहायला लावू नकोस. प्रश्न लिहू दे. त्या दिवशी बांधावर जो उभा होता, त्याला काय विचारायचंय, ते.

बाई: चालेल. आणि बाकीची मुलं त्या प्रश्नांची उत्तरं घरून आणतील. मात्र वर्गात वाचायची सक्ती नाही. एखाद्याला कळलं की आपले आजोबाच पेटवणाऱ्यांत होते, तर वीस वर्षांच्या पोराला मी सगळ्यांसमोर उभं करणार नाही.

सर: मग ते कागद तुझ्या कपाटात पडून राहतील. अमीर सासऱ्यासमोर बोलला म्हणून मी त्याला मानतो. नुसतं लिहून बाईंच्या हातात देणं म्हणजे पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभं राहणं.

बाई: वर्गासमोर नाही म्हणजे नाही, सर.

सर: वर्गासमोर नको. घरी. लिहिलेलं आजोबांना वाचून दाखवायचं, सगळे जेवायला बसलेले असताना.

बाई: आणि आजोबा काय म्हणाले ते खाली लिहायचं. काहीच म्हणाले नाहीत, तर तसं लिहायचं.

सर: किती गुण ठेवशील?

बाई: गुण नाहीत. ज्याने घरी वाचून दाखवलं त्याने फक्त तारीख घालायची.